117 व्या पलटणीतला शिपाई

जुन्या लष्करी कागदांत माणसं शोधून देण्याचं माझं काम बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतं: ‘आमचे पणजोबा फ्रान्सला लढायला गेले होते.’ पहिल्या महायुद्धात गेलेला प्रत्येक माणूस घरच्यांच्या लेखी फ्रान्सला, नाहीतर थेट जर्मनीलाच गेलेला असतो. मराठा पलटणींतली बरीचशी माणसं प्रत्यक्षात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. पण चार पिढ्या सांगितलेली गोष्ट पहिल्या भेटीत खोडायची नाही, हे मी ठरवून टाकलंय. घरात जे काही जपलं असेल ते घेऊन या, एवढंच सांगतो.

खेड तालुक्यातल्या एका घरातून असाच एक तरुण त्याच्या आजीला घेऊन आला. (खेड रत्नागिरीतलं. पुणे जिल्ह्यातही खेड आहे आणि जुन्या याद्या चाळताना हे दोन खेड फार छळतात.) शिपाई त्या तरुणाचा खापरपणजोबा. म्हणजे आजी त्याची नातसून. तिने पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून पदक.

ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि 1914, 1918 हे आकडे. चांदीचं असल्यामुळे कितीतरी घरांतली ही पदकं अडीअडचणीला मोडली गेली, वाटी-पैंजण होऊन गेली. हे वाचलं होतं ते गळ्यातल्या माळेत बसवलं म्हणून. वरची लटकवायची पट्टी काढून टाकलेली आणि दोन्ही अंगांना सोनाराने कड्या लावलेल्या.

या पदकाचं खरं मोल त्याच्या कडेवर असतं. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे इंग्रजीत ठोकलेली असते. भिंग लावून, मोबाइलचा उजेड तिरका पाडून वाचायला घेतलं. नंबर स्वच्छ. नाव बरंचसं स्वच्छ. पुढे ‘11’, मग कडीच्या डाखेचा गोळा, आणि त्यापुढे ‘मराठाज’. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून पाहिली, तरी डाखेखालचा आकडा काही उमटेना. आता 11 ने सुरू होणाऱ्या मराठा पलटणी चार: 110, 114, 116 आणि 117. नेमका हवा तोच आकडा सोनाराने झाकला होता.

“सोनाराकडून डाख काढून घेऊ का?” नातवाने विचारलं.

“हात नाही लावायचा,” आजी म्हणाली. “आजेसासूबाईंनी स्वतः समोर बसून लावून घेतल्यात त्या कड्या. माझ्या लग्नात त्यांनीच माझ्या गळ्यात घातलं हे.”

विषय संपला.

मग उलट्या बाजूने जायचं. त्या काळी नंबर पलटणीचा असे, सगळ्या फौजेचा नसे. तोच नंबर चारही पलटणींत चार वेगळ्या माणसांचा असू शकतो. शिपाई युद्धावरून परतला नव्हता. म्हणून युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मृतांच्या यादीत मी तो नंबर चारही पलटणींत शोधला. दोन नोंदी निघाल्या. 114 मधला निघाला दख्खनी मुसलमान. मराठा पलटणींत तेही असत. दुसरा 117 मधला. आडनावाचं स्पेलिंग असं की घरच्यांनाही दोनदा वाचावं लागलं, पण बापाचं नाव बरोबर, गाव ओळखू येईल इतपत बरोबर, पुढे खेड, रत्नागिरी.

पंजाबातल्या माणसाला एवढी यातायात करावी लागत नाही. तिथल्या गावोगावच्या सुमारे 3,20,000 सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या म्युझियममध्ये टिकल्या आणि 2021 मध्ये ऑनलाइन आल्या. आपल्याकडच्या साध्या शिपायाचा शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदीचा कागद, हाती लागला तर लॉटरीच म्हणायची.

पलटण कळली की बाकीचा प्रवास मात्र बराचसा उलगडतो. 117 वी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधली. नोव्हेंबर 1914 मध्ये ही फौज मेसोपोटेमियाच्या किनाऱ्यावर फाओला उतरली, वर्षभराने बगदादच्या अलीकडे टेसिफोनला अडली, मागे फिरून कुत या गावी आली आणि तिथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने. 29 एप्रिल 1916 रोजी या फौजेचा प्रमुख जनरल टाउनशेंड याने शरणागती पत्करली तेव्हा कैद झालेले सुमारे 13,000. कैद्यांना बगदादहून समाऱ्यापर्यंत रेल्वे, तिथून पुढे उन्हाळ्यात मोसुल, नुसैबिनमार्गे पायी. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास अल ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. आमच्या शिपायाची मृत्यूची तारीख शरणागतीनंतर काही महिन्यांची. म्हणजे गेला तो कैदेत.

त्याचं स्मारक म्हणजे बसरा मेमोरियल. तिथे गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. हे सांगितल्यावर नातू म्हणाला, “आमच्या गावातल्या शाळेच्या भिंतीवरही तसाच दगड आहे. इतके गेले, इतके मेले. नाव एकाचंही नाही.”

आजीला यात फारसा रस नव्हता. “तारीख काय म्हणालात?” तिने विचारलं.

तिथी माहीत नाही म्हणून त्या घरात आजवर शिपायाचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला घालत आले होते. आजेसासूबाई कित्येक वर्षं कुंकू लावत होत्या. सरकारी कागद आला तेव्हा पुसलं. तारीख मिळाली की गुरुजींकडून तिथी काढायची, हे आजी मनाशी ठरवूनच आली होती.

आणि नेमकी तारीखच मला भरवशाची वाटत नव्हती. त्याच पलटणीतले आणखी बरेच जण यादीत त्याच दिवशी मेलेले दिसत होते. कैदेत गेलेल्या, परत न आलेल्या माणसांचा हिशेब कुठेतरी मिटवायचा म्हणून कारकुनाने एक दिवस धरलेला असतो. पेन्शन सुरू व्हायला तो लागतो. मी हे स्पष्ट सांगितलं. गप्प बसलो असतो तर आजी समाधानाने घरी गेली असती, हे खरं. पण या धंद्यात तेवढं पथ्य पाळावंच लागतं.

आजीने थोडा विचार केला. “म्हणजे सरकारलापण ठाऊक नाही,” ती म्हणाली. “मग अमावास्याच राहू दे.”

नातवाला मात्र आडनावाचं ते स्पेलिंग सहन होईना. पुराव्यासह कळवलं तर कमिशन नोंद दुरुस्त करतं. शिपायाच्या मुलाचा शाळेचा दाखला आणि गावच्या जुन्या मोडी नोंदींची प्रत त्याने मिळवली आहे. मोडीचं लिप्यंतर माझ्याकडे आहे. ते झालं की अर्ज जाईल.