खारीची दुसरी गाठ

गौरी गेल्या, घर मोकळं झालं, आणि माझं लक्ष दुपारपासून एकाच जागी अडकलंय. माझ्या गिनी पिगच्या, खारीच्या, उजव्या जांघेत, स्तनाग्राच्या जरा वर, कातडीखाली काहीतरी लागतंय. कमरेवरची जुनी गाठ वेगळी, ही नवी. टणक, कडा नीट न कळणारी, बोटाने ढकलली तर जेमतेम हलणारी. पट्टी लावून मोजली, साधारण 8 बाय 6 मिलिमीटर.

खारी सकाळी होती तशीच आत्ताही आहे. बाप्पाच्या उरलेल्या दूर्वा तिच्या जोडीदाराच्या, टोस्टच्या, तोंडातून ओढून खातेय. बदललाय तो माझा हात. दुपारपासून तो तिला कुरवाळतच नाही. डोक्यावर ठेवला की आपोआप घसरत पोटाखाली जातो, जांघेत शिरतो, दाबून बघतो. आणि ती उठून घरकुलात जाऊन बसते. मला गाठीपेक्षा हेच जास्त लागलंय.

काकूंचं म्हणणं, "वय झालं आता तिचं." सहावं चालू आहे, खरंय. गिनी पिग साधारण 5 ते 8 वर्षं जगतो, आणि या वयात गाठी निघतातच. पण वय हे काही आजाराचं नाव नव्हे. दहापैकी दहा लोक "वय झालं" म्हणून गप्प बसतात आणि त्यातल्या काहींच्या घरी साधा गळू असतो, जो वेळीच काढला असता तर प्राणी आणखी दोन वर्षं गवत खात बसला असता. शिवाय "उंदराचं कसलं ऑपरेशन" हेही ऐकून झालंय. जाऊ दे.

कमरेवरच्या गाठीची मला धास्ती नाही, कारण ती काय आहे ते माहीत आहे. ट्रायकोफॉलिक्युलोमा. केसाच्या मुळापासून होते, गिनी पिगच्या कातडीवर सगळ्यांत जास्त दिसते ती हीच, आणि बहुतेक वेळा पाठीच्या खालच्या भागावर. हळूहळू वाढते, कातडीबरोबर सरकते, कधी मधोमध बारीक छिद्र असतं आणि त्यातून करडा-पांढरा चिकट मळ येतो. तो मळ बघितला की लोकांचे अंगठे शिवशिवतात. पिळायची नाही. पिशवी आतल्या आत फुटली तर तो मळ मांसात पसरतो, सूज येते, पू होतो, आणि निरुपद्रवी गाठीची भानगड होऊन बसते. आपोआप फुटली तर भोवतालचे केस कापून कोमट सलाइनने धुवायची आणि माश्यांपासून जपायचं. इंदूरच्या भाद्रपदात उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या होतात.

त्याच भागात, शेपूट असती तर जिथे असती तिथे, एक तेलकट ग्रंथी असते. नरांमध्ये ती जास्त पाझरते, केस चिकटून गठ्ठा होतो आणि घरचे गाठ समजून घाबरतात. खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवलं आणि सौम्य शाम्पूने धुतलं की निघतं. छातीच्या हाडाचं टोकही असंच फसवतं. पोटाच्या सुरुवातीला, बरोबर मध्यावर, लवचिक काहीतरी लागतं. ते सगळ्यांनाच असतं.

जांघेतलं मात्र तसं नाही. गिनी पिगला स्तनाग्रांची एकच जोडी असते, तीही जांघेत. तिथली गाठ स्तनग्रंथीची असू शकते. ती नरांनाही होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काही गाठी साध्या असतात, काही कर्करोगाच्या, आणि बोटाला त्यातला फरक कळत नाही. स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी येतंय का, कातडी लाल किंवा गरम आहे का, गाठ खालच्या मांसाला चिकटलीय का, एवढं मात्र बघता येतं. खारीला स्राव नाही. चिकटली आहे का, ते मला ठरवता येईना. तीनदा वेगळं वाटलं.

तिथेच लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) असते, म्हणून एकाच गाठीवर थांबायचं नाही. मांडीवर टॉवेल घेऊन जबड्याखालून सुरुवात करायची, मग गळा, दोन्ही काखा, छाती, पोट, दोन्ही जांघा, शेवटी पाठ आणि कंबर. दोन्ही बाजू एकदम चाचपायच्या, म्हणजे फरक लगेच हाताला लागतो. गळ्यात, काखेत, जांघेत, दोन्ही बाजूंना सारख्या टणक गाठी आल्या असतील तर लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची शंका घ्यायची, आणि त्यात फारसं काही हातात उरत नाही. फक्त जबड्याखाली किंवा गळ्यात असेल तर दाढेच्या मुळाचा गळू, नाहीतर स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा. कडक काडी तोंडात टोचते, जंतू आत शिरतात, गळ्याच्या ग्रंथीत पू साचतो. तो जोडीदाराला लागू शकतो, त्यामुळे तेव्हा वेगळं ठेवायचं. मऊ, थुलथुलीत, सहज इकडेतिकडे जाणारी असेल तर बहुधा चरबीची.

खारीच्या डाव्या बाजूला काही नाही. गळ्यात नाही. काखेत नाही. हे लिहितानाही हात शिवशिवतोय, पुन्हा एकदा बघून येऊ का म्हणून.

नको. सारखं दाबल्याने गाठ दुखावते, सुजते, आणि मग "एका रात्रीत केवढी वाढली" असं वाटून आपणच हादरतो. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, पट्टी धरून फोटो काढायचा आणि आकडा लिहायचा. वाटाण्याएवढी, आवळ्याएवढी हे डॉक्टरांना सांगून उपयोग नाही. रोज करायचं ते वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर डबा, सकाळी खाण्याआधी. आज 940 ग्रॅम. दोन-चार दिवसांत 50 ग्रॅम उतरलं तर लक्ष द्यायचं, 100 उतरलं तर गाडी काढायची. गाठीपेक्षा काटा आधी बोलतो. वहिनीने या कामाला वेगळा काटा आणायला सांगितलंय. गौरीच्या पुरणाची डाळ त्यावरच मोजली होती, त्यामुळे तिचं म्हणणं खोडता येत नाही.

आता सुई. बारीक सुईने गाठीतलं थोडं खेचून काचपट्टीवर पसरायचं, म्हणजे एफएनएसी. बहुतेकदा भूल लागत नाही, मिनिटाचं काम. चरबी असेल तर काच तेलकट होते, पू असेल तर डोळ्यांनाच दिसतो, केसाच्या गाठीतून तो करडा मळ येतो. स्तनाच्या गाठीत कधीकधी पुरेशा पेशीच मिळत नाहीत. मग काढूनच बघावं लागतं. काढलेली गाठ 10 टक्के फॉर्मालिनमध्ये लॅबला पाठवायची, बादलीत जाऊ द्यायची नाही. आणि काढण्याआधी छातीचा एक्स-रे, फुप्फुसात काही पसरलंय का ते बघायला.

ज्या दवाखान्यात दिवसभर लॅब्राडोर आणि पर्शियन मांजरी येतात तिथे काही गोष्टी आधी विचारून घ्याव्या लागतात. पहिली, उपास. कुत्र्याला ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊ शकते. गिनी पिगला उलटी होतच नाही, उलट आतडं रिकामं राहिलं की त्याची हालचाल थांबते आणि टाके नीट असूनही प्राणी जातो. तोंडात घास राहू नये म्हणून शेवटचा थोडा वेळ चारा काढतात, तेवढंच. "रात्रभर काही देऊ नका" असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून परत यायचं. दुसरी, अँटिबायोटिक. पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन हे तोंडावाटे दिलं की आतड्यातले चांगले जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जंतू माजतो आणि दोन-चार दिवसांत जुलाबाने खेळ आटोपतो. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा चालतं. तिसरी, भूल गॅसची आहे का, आणि गरम पॅड आहे का. एवढ्याशा जिवाचं अंग टेबलावर भराभर गार पडतं.

गळू असेल तर हेही लक्षात ठेवायचं की यांचा पू पातळ नसतो, घट्ट चक्क्यासारखा असतो. नुसता चिरा देऊन वाहत नाही. पिशवीसकट काढावा लागतो, नाहीतर परत भरतो.

आणि घरी आणल्यावर खरं काम. भूल उतरली की काही तासांत तिने खायला हवं. नाही खाल्लं तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून, घोटून, सिरिंजने, तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे, एका घासाला मिलिभर. किलोभर वजनाला दिवसभरात 50 ते 80 मिलि, पाच-सहा वेळा विभागून. लेंड्या मोजायच्या. दुखणं थांबवायला मेलोक्सिकॅम, डोस डॉक्टर ठरवतील तो, कारण दुखतंय म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून मरतो. भुसा काढून जुने सुती टॉवेल घालायचे, भुसा टाक्यांना चिकटतो. व्हिटॅमिन सी त्यांचं शरीर बनवत नाही आणि जखम भरायला ते लागतंच. रोज किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम, आजारपणात त्याहून जास्त. 30 ग्रॅम सिमला मिरचीत पुरेसं असतं. पाण्यात थेंब टाकू नयेत, तिथे ते लवकर वाया जातं आणि चव बदलल्याने ती पाणीच कमी पिते.

हे सगळं पाठ आहे मला. तरी रात्री साडेअकराला वाटतंय की मी एकटीच का म्हणून हे सगळं पाठ करून बसलेय. घरात बाकी सगळ्यांना ती आवडते. मला ती आवडते आणि तिचा एक्स-रेही दिसतो.

बरं. आता ठरवलंय ते असं. सुई अनंत चतुर्दशीच्या आधी. झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या रात्री ढोल आणि डीजेने सगळं शहर जागं असतं, त्या गडबडीत कापलेला प्राणी घरात नको, म्हणून काढायची झाली तर नंतर. काकू म्हणणार पितृपंधरवड्यात नको. त्यांना सांगू की डॉक्टरांनी पंचांग बघितलंय. इथे नाही जमलं तर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वीस-पंचवीस किलोमीटर. सकाळी लवकर निघायचं, टोपलीत गवत भरपूर, टोस्टही सोबत. जोडीदार असला की वाटेत खातात तरी.

साधी निघाली तर काढून मोकळं. दुसरी निघाली आणि छाती स्वच्छ असली तरी काढायचं, वजन टिकून असेल तर. छातीत दिसलं तर

ते तेव्हा.

चाचपणी फक्त रविवारी सकाळी. बाकीचे दिवस कानामागे आणि कपाळावर, तिथून खाली हात नाही. मघाशी केलं तसं. आधी अंग चोरून बसली, मग मान थोडी वर केली, मग दूर्वेची काडी चावत चावत माझ्या बाहीवरच मुतली. टोस्टने ते बघून आणखी खायला मागितलं. दूर्वा संपल्यात, उद्या रामबागेतून आणायला हव्यात. धुऊन द्यायच्या, कुंकू लागलेल्या नकोत.