काड्यांचा चौकोन

आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमिती शिकवणारे अरविंद गुप्ता, ज्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील विज्ञान केंद्रात अनेक वर्षे मुलांसाठी खेळणी घडवत होते. माझ्या मुलीने तशाच काड्या जोडल्या, तेव्हा त्रिकोण ताठ राहिला, पण चौकोन बोट लावताच तिरका झाला. उत्तर माझ्या ओठांवर आले होते (मोठ्यांची ही खोड जात नाही), तरी मी “तुला काय वाटतं?” एवढेच विचारले. बऱ्याच खटपटीनंतर तिने समोरासमोरचे कोपरे खराट्याच्या काडीने जोडले आणि चौकोन हलेनासा झाला. व्याख्या नंतर शिकली तरी चालते. एसटी स्थानकाच्या छपराखालच्या कैच्यांमधले (छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यांमधले) त्रिकोण आता तीच मला दाखवते. पंचकोनाला अशा दोन काड्या लागतात, हे मात्र मी अजून सांगितलेले नाही.