बाईंच्या कागदी पट्ट्या

१९८४ च्या जूनमध्ये मी आपल्या शाळेत पहिलीला आलो. शाळेची आठवण म्हणून अनेकांना घंटा आठवते, कुणाला स्नेहसंमेलन. मला आठवतं एक मोठं, पातळ, कडा झिजलेलं चित्रांचं पुस्तक आणि ते खांद्याजवळ धरून उभ्या असलेल्या आमच्या पहिलीच्या बाई.

दुपारच्या सुट्टीनंतर पोटात भात गेलेला असायचा, बाहेर पाऊस, डोळे मिटायला लागायचे. त्या वेळी बाई कपाट उघडायच्या. आम्ही बस्करं पुढे ओढून दाटीवाटीने बसायचो.

पुस्तक रशियातलं. तेव्हा मॉस्कोत छापलेली मुलांची पुस्तकं प्रदर्शनांतून फार स्वस्तात मिळत, त्यांतली बरीच मराठीतही असत. बाईंच्या हाती लागलेलं मात्र रशियन लिपीतलं होतं. चित्रं आवडली म्हणून त्यांनी ते घेतलं आणि प्रत्येक पानावरच्या मजकुरावर मराठी ओळींची पांढरी पट्टी खळीने चिकटवली. गोष्ट तिकडची लोककथा. आजोबांनी लावलेला सलगम एवढा वाढतो की त्यांना उपटवत नाही. मग आजी येते, नात येते, कुत्रा, मांजर आणि शेवटी उंदीर. आमच्या कोकणात सलगम कुणी पाहिलेला? बाईंनी बाजारातून पानांसकट मुळा आणला आणि म्हणाल्या, "हा त्याचा चुलतभाऊ समजा." तो मुळा वर्गभर हातोहात फिरला. त्याच्या मुळांना चिकटलेली ओली माती अजून बोटांना जाणवते.

बाई पुस्तक आमच्याकडे वळवून धरायच्या. डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायच्या आणि शेवटच्या बस्करावरच्या पोराला चित्र दिसल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. मग त्यांचं बोट पानाच्या कोपऱ्याखाली सरकायचं आणि तिथेच थांबायचं. पुढे मांजर येणार हे सगळ्यांना पाठ होतं, तरी त्या थांबण्यात आमचा श्वास अडकायचा. "ओढतात, ओढतात... निघाला?" बाई विचारायच्या. "नाऽही!" एवढ्या मोठ्याने की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून जायचे. वर्षभरात ती गोष्ट किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. पण मी आयुष्यात पहिल्यांदा जे सलग वाचलं ते पाठ्यपुस्तकातलं नव्हतं, त्या पट्ट्यांवरचं होतं. शब्द आधी तोंडात बसले होते, डोळ्यांनी ते फक्त ओळखले.

पुढे डी. एड. करून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. पहिल्याच वर्षी हौसेने गोष्ट वाचायला घेतली आणि मुलं जांभया देऊ लागली. दिवाळीच्या सुट्टीत बाईंच्या घरी गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या. माझं ऐकून घेतलं आणि काही न बोलता ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

पट्ट्या जाड लागत होत्या. एकीचा कोपरा सुटला होता. खाली दुसरी पट्टी होती, तिच्याखाली तिसरी. सगळ्यांत खालची: 'आजोबांनी सलगम उपटण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, परंतु तो निघाला नाही.' मधली: 'आजोबांनी सलगम ओढला. खूप ओढला.' वरची आमची होती.

"पहिल्या वर्षीची मुलं पेंगली रे," बाई म्हणाल्या. "मग एका मुलीने मधेच विचारलं, निघाला का बाई? तेच लिहून घेतलं."

मी कितीतरी प्रशिक्षणं केली. प्रकट वाचनावरच्या पुस्तिका वाचल्या, आता वर्गात प्रथम बुक्सची सुंदर मराठी पुस्तकं आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. तरी त्या तीन थरांएवढं मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्याही पुस्तकांत आज पेन्सिलीच्या खुणा असतात: इथे थांबायचं, इथे समीरने विचारलं होतं, हा शब्द कुणालाच कळला नाही.

त्या दिवशी पुस्तक मिटताना शेवटचं पान पाहिलं. उंदराच्या चित्राखाली रशियन अक्षरं तशीच उघडी होती. पट्टी गळून पडली असेल असं वाटून मी विचारलं.

"तिथे कधी लावलीच नव्हती," बाई हसल्या. "उंदीर आला की तुम्ही मला बोलू कुठे द्यायचात?"