दुधाचे खाडे आणि वाचनाचा नेम

पुण्यातील एका लहान कंपनीत मी मोबाइल अ‍ॅपची रचना करण्याचे काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मराठी कथा, लेख आणि कादंबऱ्या फोनवर वाचण्यासाठी एक अ‍ॅप तयार झाले. ते उतरवून घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठवड्यानंतर ते उघडतही नाहीत, असे लक्षात आल्यावर माझ्याकडे एक काम सोपवण्यात आले: लोकांनी रोज थोडे तरी वाचावे, यासाठी बक्षिसांची योजना आखायची. मला ते पंधरा दिवसांचे काम वाटले होते. प्रत्यक्षात दीड वर्ष लागले, आणि त्यातला बराचसा काळ मीच बसवलेल्या गोष्टी काढून टाकण्यात गेला.

पहिली योजना चार इतर अ‍ॅप पाहून केलेली होती, हे आधीच कबूल करते. वाचलेल्या प्रत्येक पानाला 5 नाणी, ठरावीक नाण्यांना पदक, आठवड्याचा गुणफलक आणि सलग किती दिवस वाचले हे दाखवणारी एक पणती. पणतीखालचा आकडा रोज एकाने वाढायचा आणि एक दिवस चुकला की पणती विझून पुन्हा शून्य. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्याच दिवशी आम्ही ही योजना सुरू केली. पहिल्या आठवड्यात उलटलेल्या पानांचा आलेख असा चढला की कार्यालयात पेढे वाटले गेले.

पेढे संपल्यावर दोन-तीन दिवसांनी मी सर्व्हरवरच्या कच्च्या नोंदी उघडल्या. आमच्या अ‍ॅपमधले एक पान मी स्वतः घड्याळ लावून वाचले, तेव्हा मला 35 ते 40 सेकंद लागत होते. गुणफलकावर पहिल्या क्रमांकावर असलेला वाचक प्रत्येक पान दीड-दोन सेकंदांत उलटत होता आणि संध्याकाळी सात ते साडेसात या वेळेत त्याने एक अख्खी कादंबरी ‘संपवली’ होती. त्याच्या खालचे चार-पाच जणही तसेच. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण आम्ही पान उलटण्याला पैसे मोजत होतो आणि त्यांनी पाने उलटून दाखवली होती.

मग मी तेच केले जे असल्या वेळी सगळेच करतात: नियम कडक केले. पान किमान 20 सेकंद उघडे राहिले तरच नाणी, असे ठरवले. तर लोक फोन टेबलावर ठेवून मध्येच एखादा टिचका मारू लागले. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन प्रश्न घातले. तो तर सर्वांत वाईट निर्णय ठरला. जे खरोखर मन लावून वाचत होते, त्यांनाच तो बोचला. एका बाईंनी अभिप्रायात लिहिले होते, “दहावीनंतर धड्याखालच्या प्रश्नांपासून सुटका झाली असे वाटले होते.” तो अभिप्राय मी बरेच दिवस माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवला होता.

या टप्प्यावर मी थोडे थांबले आणि बक्षिसांवर झालेले जुने संशोधन वाचायला घेतले. त्यातला एक प्रयोग मला आधीच माहीत असता तर पुष्कळ कष्ट वाचले असते. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील एका बालवाडीतल्या, मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, दुसऱ्याला न सांगता अचानक ते प्रशस्तिपत्र दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण किती चित्रे काढतो हे पाहिले, तेव्हा बक्षिसाचे आधी कबूल केलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत असल्याचे आढळले. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. आमची नाणी म्हणजे नेमके ते आधी कबूल केलेले प्रशस्तिपत्र होते, आणि तेही पानागणिक.

नाणी काढायची हे त्या दिवशी ठरले. पणती मात्र मी ठेवली, कारण ती मला निरुपद्रवी वाटत होती. सलग वाचनाचा आकडा पाहून माणसाला स्वतःचेच कौतुक वाटते, त्यात काय वाईट, असा माझा समज होता. तो समज कराडकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या फोनने मोडला.

ते गृहस्थ रोज पहाटे पावणेपाचला उठून चहा होईपर्यंत वाचत असत. त्यांच्या पणतीचा आकडा 112 वर होता आणि एका मंगळवारी सकाळी तो अचानक 1 झाला. “मी एकही दिवस चुकलेलो नाही,” असे ते शांतपणे, पण तीन वेळा म्हणाले. नोंदी तपासल्यावर त्यांचेच बरोबर निघाले. आमचा सर्व्हर दिवस मोजायचा तो जागतिक प्रमाणवेळेने, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. म्हणजे सर्व्हरची मध्यरात्र आपल्या पहाटे साडेपाचला होते. सोमवारी ते नेहमीप्रमाणे पावणेपाचला वाचायला बसले, तेव्हा सर्व्हरच्या लेखी अजून रविवारच होता. मंगळवारी घरी पाहुणे असल्यामुळे त्यांना उशीर झाला आणि ते पावणेसहाला बसले, तेव्हा सर्व्हरवरही मंगळवार उजाडला होता. दोन्ही दिवस वाचूनही त्यांचा सोमवार कोणाच्याच खात्यावर जमा झाला नाही. हे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, तुमच्या यंत्राची चूक मला समजली. पण खरेच चुकलो असतो, तरी साडेतीन महिन्यांचे वाचन एका दिवसाने पुसले जाते, हा कुठला हिशेब?”

वेळेची चूक दुरुस्त करणे सोपे होते. दिवस आता वाचकाच्या फोनवरच्या स्थानिक वेळेनुसार मोजला जातो आणि तो मध्यरात्री न बदलता पहाटे तीनला बदलतो, कारण रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी अंथरुणात वाचणारा माणूस मनाने कालच्याच दिवसात असतो. न्यू जर्सीहून सुट्टीला भारतात येणाऱ्यांसाठी प्रवासाच्या दोन दिवसांची मुभाही ठेवली. फोनचे घड्याळ मागेपुढे करून कोणी फसवील, अशी शंका सहकाऱ्यांनी काढली. फसवू दे, असे मी म्हटले. नाणीच उरली नसल्याने त्यात कोणाला काही मिळणार नव्हते.

सरांचा दुसरा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर मला स्वयंपाकघरात सापडले. आमच्या आई फ्रिजशेजारी टांगलेल्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडतात. दूध आले त्या दिवशी त्या काहीच लिहीत नाहीत. आले नाही, तर त्या चौकोनात एक फुली. महिनाअखेरीस तीस दिवसांतून फुल्या वजा केल्या की हिशेब झाला. एका खाड्यामुळे आधीचे वीस दिवसांचे दूध आलेच नव्हते, असे आमचा दूधवाला काय, कोणीच म्हणणार नाही. मराठी घरांत वाचनाचा नेमही असाच असतो. दासबोधाचे समास 200 आहेत, आणि रोज एक समास वाचण्याचा नेम धरलेल्या माणसाचा एखादा दिवस प्रवासात किंवा आजारपणात चुकला, तर तो दुसऱ्या दिवशी खूण ठेवलेल्या जागेपासून पुढे वाचतो. पहिल्या समासावर परत जात नाही.

पणती गेली आणि तिच्या जागी महिन्याचे एक साधे कोष्टक आले. त्यात वाचलेले दिवस फिकट रंगाने भरतात, चुकलेल्या दिवशी बारीक फुली पडते आणि खाली एकच ओळ येते: “या महिन्यात 24 दिवस वाचन, 3 खाडे.” शून्य कुठेच नाही. याला आधार देणारे संशोधन मला नंतर मिळाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला आणि 2010 मध्ये छापून आलेला सवयींचा अभ्यास सांगतो की नवी कृती अंगवळणी पडायला मध्यममानाने 66 दिवस लागतात, पण माणसागणिक हा अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलतो, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. ‘21 दिवसांत सवय’ अशी जी पाटी आमच्या पहिल्या पडद्यावर दिमाखाने झळकत होती, ती त्याच संध्याकाळी उतरवली.

त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट उचलली. त्यातील लोकांनी आपली नवी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला, जसे न्याहारीनंतर, बांधून घेतली होती. म्हणून अ‍ॅप आता किती वाजता आठवण करू असे विचारत नाही, “कशानंतर वाचणार?” असे विचारते. सकाळचा चहा, लोकलमध्ये जागा मिळाल्यावर, दुपारची आवराआवर झाल्यावर, रात्री अंथरुणात, असे पर्याय आहेत. “आज वाचले नाही तर सारे संपेल” या धाटणीची रात्री साडेनऊची नोटिफिकेशन बंद केली. तिच्या जागी वाचकाने काल जिथे वाचन थांबवले, तिथले अर्धे वाक्य जाते आणि त्यापुढे तीन टिंबे. साप्ताहिकांतल्या ‘क्रमशः’वर वाढलेल्या वाचकाला याहून मोठे आमिष दाखवता येईल, असे मला तरी वाटत नाही.

बक्षिसे पूर्णपणे गेलेली नाहीत. वाचकाने खूण केलेली वाक्ये रविवारी सकाळी एकत्र करून त्याच्यासाठी एका पानाची पुरवणी तयार होते, आणि पुस्तक संपल्यावर कधीकधी, आधी न सांगता, त्याच लेखकाची एखादी कथा मोफत उघडते. कधी, याचा नियम कुठेही लिहिलेला नाही. यावर आमच्यात वाद झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही: अनिश्चित बक्षीस म्हणजे जुगाराच्या यंत्राची युक्ती नव्हे काय, असे एका सहकाऱ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. म्हणून ते बक्षीस फक्त पुस्तक संपल्यावरच मिळते, अ‍ॅप उघडण्यावर किंवा पाने उलटण्यावर नाही.

सर्वांत कडाक्याचे भांडण मात्र पैशांवरून झाले. गौरी-गणपतीच्या दिवसांत आणि दिवाळीत, विशेषतः स्त्रियांचे, खाडे एकदम वाढत. त्यावर मी महिन्याला चार ‘किरकोळ रजा’ ठेवल्या, ज्या अर्ज न करता आपोआप लागू होतात आणि फुली पडू देत नाहीत. विक्री पाहणाऱ्यांना त्यात उत्पन्न दिसले: पाचवी रजा 29 रुपयांना विकावी, कारण खाडा टाळण्यासाठी लोक पैसे देतील. देतील, याबद्दल मलाही शंका नव्हती. आधी आपणच मनात भीती घालायची आणि मग तिच्यावरचा उतारा विकायचा, हे मला जमणार नाही, असे मी बैठकीत सांगितले. चार दिवस कोणी माझ्याशी धड बोलत नव्हते. शेवटी रजा फुकटच राहिल्या. त्याबदल्यात ध्वनिपुस्तकांना दर लागला, आणि त्याला माझी हरकत नव्हती.

मुलांच्या विभागात गुणफलक अजूनही आहे. शाळांना तो हवा असतो, आणि तो काढण्याइतके माझे वजन नाही. पहिल्या क्रमांकाची मुले अजूनही भराभर पाने उलटतात.

मध्यंतरी कराडच्या सरांचा पुन्हा फोन आला. नातवाने भेट दिलेले एक जाडजूड छापील पुस्तक ते आठवडाभर वाचत होते, आणि आमच्या कोष्टकात त्या सातही दिवसांचा हिशेब चार रजा आणि तीन फुल्या असा लागला होता. म्हणून आता कोष्टकाखाली एक लहान बटण आहे: “आज कागदावर वाचले.” ते दाबल्यावर पुस्तकाचे नाव विचारले जात नाही, पुरावा मागितला जात नाही, चौकोन नेहमीच्याच रंगाने भरतो. त्यातून अ‍ॅपला काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर मी बैठकीत नीट देऊ शकले नाही, तरीही ते बटण मंजूर झाले. सध्या वाद चालू आहे तो वर्तमानपत्र वाचले तर ते बटण दाबावे की नाही, यावर. सरांचे मत आहे की अग्रलेख मोजावा, राशिभविष्य मोजू नये.