आईवरची हरकत आणि वडिलांचं नाव

नवी मुंबईत, घणसोलीत आमच्या घरचे फॉर्म ७ चे, म्हणजे मतदार यादीतल्या नावावर हरकत घ्यायचे किंवा नाव कमी करायचे, दोन अर्ज एकाच वेळी चालू होते. एक मी भरला होता, वडिलांचं नाव मतदार यादीतून कमी करण्यासाठी. दुसरा कुणीतरी आईचं नाव उडवण्यासाठी भरला होता.

वडिलांचं काम सरळ झालं. ते माथाडी कामगार, सगळी हयात कांदा-बटाटा मार्केटात गेली. ते वारल्यावरही त्यांच्या नावाची मतदार चिठ्ठी घरी यायची. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज दिला, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) ताई येऊन चौकशी करून गेल्या आणि नाव निघालं. हे काम घरच्यांनी स्वतःहून करायला हवं. नाव तसंच राहिलं तर त्यावर भलताच कुणी मत टाकून जायचा धोका असतो.

आईच्या नोटिशीत कारण होतं ‘कायमचे स्थलांतर’. आई तेव्हा गावी, साताऱ्यातल्या जावळीत, भातलावणीला गेलेली. फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, लावणीला आले म्हणजे घर सोडलं का मी?”

कायदाही हेच म्हणतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० प्रमाणे काही काळ बाहेरगावी गेला म्हणून माणूस आपल्या राहत्या ठिकाणचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ राहत नाही असं होत नाही. आणि गावात नुसतं घर असलं म्हणून तो गावचा रहिवासीही ठरत नाही. नवी मुंबईतल्या साताऱ्याकडच्या प्रत्येक घराने ही दोन वाक्यं पाठ करून ठेवावीत.

सुनावणीला आई आली. रेशनकार्ड, लाइट बिल, पासबुक आणि सोसायटीचं पत्र असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. हरकत घेणारा आलाच नाही. अधिकाऱ्यांनी अर्ज समोर ठेवला. आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी काही जणींवर हरकती होत्या, सगळ्या एकाच हस्ताक्षरात, एकाच निळ्या शाईत. पुरावा एकालाही जोडलेला नव्हता. आईने विचारलं, “साहेब, मी इथं राहत नाही हे त्यांना कुणी सांगितलं?” उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं.

मी त्याच कायद्याच्या कलम २२ ची प्रत नेली होती. मतदार तिथे राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल, तर आधी त्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांना नागरिकत्व सिद्ध करा म्हणून नोटिसा गेल्या होत्या, त्या लाल बाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की आधीपासून यादीत असलेलं नाव रीतसर चौकशी होऊनच आलं असं धरून चालावं. मग आईने नव्याने स्वतःला का सिद्ध करायचं? हरकत घेणाऱ्याने सिद्ध करावं. शिवाय अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आईचं नाव कायम राहिलं. विरोधात निकाल गेला असता तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करायची माझी तयारी होती.

तरीही यादी साफ करूच नका, असं मी म्हणणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने १८ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला नाव नोंदवायचा हक्क दिला, आणि तिथे राहत नसणं हे नाव नाकारायचं कारणही त्याच अनुच्छेदात आहे. एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत चालत नाही. आमच्याकडे गावी एक आणि इथे एक अशी नावं पुष्कळ आहेत, आणि त्यामागे दर वेळी लबाडीच असते असं नाही. ग्रामपंचायतीच्या मतावर जीव असतो. पण ग्रामपंचायत काय नि महापालिका काय, दोन्हीकडच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच होतात, त्यामुळे कुठलं तरी एक गाव निवडावंच लागतं.

मला राग आहे तो गठ्ठ्याने आलेल्या हरकतींचा. ज्या बायका सुनावणीला पोचू शकल्या नाहीत, कामावरची सुट्टी मिळाली नाही, नोटीस शेजारीच पडून राहिली, त्यांचं काय? आमच्या मजल्यावरच्या दोघींसाठी मी पुन्हा तारीख मागून घेतली.

शेजारचे काका निवृत्तीनंतर वर्षातला बहुतेक काळ गावीच असतात. आईचं प्रकरण पाहून त्यांनी गावचं नाव ठेवायचं ठरवलं. इथलं नाव कमी करायचा त्यांचा अर्ज मी गेल्या आठवड्यात भरून दिला.