पोटाचं खापर दरवेळी मिसळीवरच का?

आमच्याकडे कुणाचं पोट बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, काल काय खाल्लं होतंस? मग वडापाव, मिसळ, लग्नातलं जेवण, काहीतरी सापडतंच, त्याच्यावर खापर फोडायचं, इनो नाहीतर ओवा आणि काळं मीठ घ्यायचं, विषय संपला. तिखटाने जळजळ वाढते हे खरंय, पण अल्सर, म्हणजे जठरात किंवा त्याच्या लगेच पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला पडणारी जखम, ती काही मिसळीने पडत नाही. तिची मुख्य कारणं दोन, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू आणि पेनकिलर.

जंतूंची गोष्ट तर भारीच आहे. आधी डॉक्टर लोकसुद्धा टेन्शन आणि तिखट यांनाच धरून बसले होते, कारण जठरातल्या ऍसिडमध्ये जंतू जगणारच कसे! ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हे जंतू लॅबमध्ये वाढवायला बघत होते, काही जमेना, मग १९८२ ला ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायच्या प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू दिसले. तरी कोणी मनावर घेईना, तेव्हा १९८४ ला मार्शलसाहेब ते जंतू चक्क पिऊन मोकळे झाले. काही दिवसांत मळमळ, उलट्या, आणि दुर्बीण घातली तर जठराला सूज. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. आता हे जंतू सापडले तर साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक्स आणि ऍसिड कमी करणारी गोळी असा कोर्स असतो, तो मधेच सोडायचा नाही. आणि टेस्ट करायची असेल तर पॅन्टोप्राझोल वगैरे ऍसिड कमी करणारं औषध साधारण दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून थांबवावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

पेनकिलरचं मी घरातच बघितलंय. मावशीचे गुडघे दुखायचे, कधीतरी लिहून दिलेल्या जुन्या चिठ्ठीवर ती मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणत राहिली. पोट म्हणाल तर फारसं दुखत नव्हतं, पण जिना चढताना दम लागायचा, चेहरा पांढराफटक. हिमोग्लोबिन एकदम खाली आलेलं. डॉक्टरांनी संडासचा रंग विचारला तर ही माझ्याकडेच बघायला लागली, मग हळूच म्हणाली, डांबरासारखी काळी होते, चिकट. मी म्हटलं मावशी, आधी का नाही बोललीस, तर म्हणे, "अगं, असलं कोणी सांगतं का चारचौघांत!" रक्त जठरात पचून खाली येतं म्हणून काळं दिसतं (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ती तर घेतच नव्हती). जठराच्या अस्तराला ऍसिडपासून जपणारी जी द्रव्यं शरीर बनवतं तीच या गोळ्या कमी करतात, त्यामुळे "मी जेवूनच घेते" म्हणून सुटका नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही पोट छळतं तो प्रकार वेगळा. माझ्या चुलतभावाला परीक्षा म्हटलं की मुरडा, कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस पोट साफ नाही, संडासला जाऊन आलं की बरं वाटतं, पोट डब्ब. याला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. "मनाचे खेळ आहेत" असं म्हणून घरच्यांनी त्याला पार पिडलं होतं, पण दुखणं खरंच असतं, आतडं आणि मेंदू यांच्यातलं तंत्र बिघडलेलं असतं, आतड्याला जखम नसते एवढंच. मात्र वजन आपोआप उतरतंय, संडासमधून रक्त पडतंय, रात्री झोपेतून उठून पळावं लागतंय, असं असेल तर आयबीएस म्हणून गप्प बसायचं नाही. आणि रक्त दिसलं की भिंतीवरची जाहिरात वाचून मूळव्याधीचं औषध आणणारे महाभाग आहेतच. मूळव्याध असेलही, पण आतड्याची सूज किंवा कॅन्सर नाही हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

आणि छातीत दाब येतोय, दरदरून घाम फुटलाय, हात नाहीतर जबडा दुखतोय, तर गॅस गॅस करत सोडा पाजू नका, तसंच उचलून हॉस्पिटलला न्या आणि आधी ईसीजी काढा.