आमची वाटचाल: माणदेशातला मुरघास

२०१३ च्या दुष्काळात माणदेशातली जनावरं छावणीच्या दावणीला उभी होती, तेव्हा मी उसाचं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, विकत होतो. वाढ्यावर गाय जगते, पण त्यातलं ऑक्झलेट अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकतं. नुसतं वाढं खाऊन व्यालेल्या दोन गाई माझ्यासमोर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यानंतर वाढ्याचा धंदा माझ्यानं झाला नाही.

पुढल्या वर्षी चारा बारीक कापायचं जुनं कुट्टी यंत्र घेतलं आणि मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, पिशव्यांत भरायला लागलो. यंत्र आजही तेच आहे, पाती मात्र किती बदलली त्याचा हिशेब नाही. पात्याची धार गेली की मका कापला जात नाही, चिंधाळतो. मग तो दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. म्हणून चार-पाच तासांनी यंत्र थांबवून धार लावायचीच, गडी कितीही कुरकुरले तरी. तुकडा पाऊण इंचाच्या आसपास, दाणा चिकात आलेला, म्हणजे दाबला की पांढरा चीक निघावा असा. कुट्टी मुठीत दाबून सोडली की गोळा हळूहळू उलगडला पाहिजे. हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. थर थर भरून पायानं तुडवायचं, तोंड आवळायचं, ४५ दिवस हात लावायचा नाही.

पहिली चार वर्षं बरी गेली.

२०१८ ला पावसानं ओढ दिली आणि त्याच हंगामात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. कणसं भरेनात. आमच्याच यंत्रावर शिकलेल्या एकानं तेव्हा शेजारी स्वतःचा धंदा मांडला. दाणा धरायच्या आधीचा हिरवा, पाणीदार मका त्यानं कापला, भरला आणि महिन्याच्या आत किलोमागं दीड रुपया कमी लावून विकला. पिशवीच्या तळाला काळं पाणी, उघडली की सडका वास. गाई तोंड लावेनात, लावलं त्या आटल्या. गावानं त्याला नाव ठेवलं असतं तर एकवेळ चाललं असतं. गाव म्हणालं, "मुरघासानंच गाय आटते." माझ्या ४० टन मालाला गिऱ्हाईक उरलं नाही, डोक्यावर बँकेचा हप्ता. तो पुढं दुसऱ्या धंद्यात गेला, एका शब्दानं चूक कबूल न करता. हे मी विसरलेलो नाही.

२०१९ च्या चैत्रात सहा गाई सांभाळणाऱ्या एक मावशी आल्या. पिशवी उघडायला लावली, मूठभर माल नाकाशी धरला, म्हणाल्या, "आंबूस आहे, सडका न्हाई. वीस पिशव्या टाक." पैसे रोख. पंधरा दिवसांनी दूध संकलन केंद्रावर त्यांनी फॅटची पावती सगळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "आता सांगा, कुणाची गाय आटली?" वैशाख संपेपर्यंत माझं शेड रिकामं झालं.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पावसात खंड पडला म्हणून गाई दिवसभर माळावर सोडू नका. वाळल्या कुसळात चालून दूध वाढत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत आणि चारनंतर चारा, दुपारी सावली आणि पोटभर पाणी. रानात सोडण्याआधी थोडा कडबा घाला, उपाशी गाय दिसेल त्याला तोंड लावते. ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत तर चुकूनही सोडू नका, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागून तासाभरात गाय जाते. दहा-बारा लिटरच्या संकरित गाईला पंधरा किलो मुरघास, जोडीला तीन-चार किलो कडबा, पेंड दुधाच्या हिशेबानं आणि खनिज मिश्रण. आणि मुरघास एकदम चालू करू नका; पाच किलोपासून आठ-दहा दिवसांत वाढवा. पहिल्याच दिवशी पाटीभर ओतायची आणि पोट बिघडलं की आम्हाला फोन, हे मला दर उन्हाळ्यात ऐकावं लागतं.

मावशींच्या गोठ्यात आता अकरा गाई आहेत. त्यांच्या पिशव्या मी अजून स्वतः निवडतो, आणि त्या अजूनही प्रत्येक खेपेला एक उघडायला लावतात.